महाडच्या वाटेवरचा वसंत

(वर्धापनदिनी विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची आम्ही मंडळी दरवर्षी २० मार्चला गाडी करून महाडला जातो. कर्जत, खोपोली, पाली, वाकण, माणगाव असा लांबचा पल्ला. पोरं कंटाळतात, झोपतात. म्हणून आम्ही एक रिवाज पाडला आहे. वसंताची खूण ज्याला आधी दिसेल त्याने मोठ्याने सांगायचे!

बदलापूर सोडले की पळस दिसतो. काटेसावर सरत आलेली, पांगारा मात्र लालभडक. पालीच्या पुढे कुसुंबाची कोवळी पालवी इतकी लाल, की पोरं फुलंच समजतात. आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरलेल्या असतात. पिंपळाला तांबूस पालवी येते. बुद्धगयेचा बोधिवृक्ष पिंपळच, हे आम्ही तिथेच सांगतो.

पण बंधूंनो, वसंताची दुसरीही खूण आहे. ओढे आटतात, विहिरींचा तळ दिसतो, बायांच्या डोक्यावर हंडे चढतात. कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण उतारावरून समुद्राला मिळतो. झाडाला पालवी फुटते, तेव्हाच माणसाचा घसा कोरडा पडतो.

याच दिवसांत महाडचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले होते. पण कागदावर! गुरंढोरं पाणी पीत, आपल्या माणसाला मात्र ओंजळभर मिळत नसे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच दिवशी आपल्या लोकांवर हल्ले झाले. पुढे खटला दहा वर्षे चालला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. तोही मार्चच!

आज आपल्या भागात बारवी धरणाचे पाणी नळाला येते. ते कधी उशिरा आले तर आपण चिडतो. चिडावे, हक्कच आहे तो. पण तो कसा मिळाला, हे पोरांना ठाऊक हवे.

महामार्ग रुंद झाला, वाटेवरची जुनी झाडे गेली. खुणा कमी होत आहेत. म्हणून विनंती एवढीच, की प्रत्येक घराने एक झाड लावावे, जगवावे. आणि यंदा महाडला जाताना पोराला खिडकीशी बसवा. पळस दाखवा, कोरडी विहीरही दाखवा.

जयभीम! नमो बुद्धाय!