एक रॅक साध्या पाण्याचा



समोर बसलेल्या कितीतरी जणांच्या घरी रेशमाची शेड आहे, त्यामुळे चॉकी, कात, चंद्रिका हे सगळं सोडून थेट विषयावर येतो. तुतीच्या पाल्यावर स्पिरुलिना, आवळा, तुळस फवारून दिलं तर अळी चांगली वाढते का?

वाढू शकते. रेशीम म्हणजे प्रथिनच, आणि स्पिरुलिनाच्या भुकटीत ते 60 टक्क्यांच्या आसपास असतं. अळी आयुष्यातला 80 टक्क्यांहून जास्त पाला पाचव्या अवस्थेत फस्त करते. द्यायचं तर तेव्हा द्यावं. फवारलेला पाला सावलीत सुकवूनच टाका, नाहीतर बेड दमट होऊन फ्लॅचरी रोग शिरतो.

(मागून आवाज : ‘सर, बाटली कोणती घ्यायची तेवढं सांगा!’ हशा.)

नाव मी सांगणार नाही. विकणारी मंडळीही सभागृहात आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यापेक्षा पाश्चरची गोष्ट ऐका.

1865 साली फ्रान्सच्या दक्षिणेत रेशमाचा धंदा पेब्रिन रोगाने बुडत होता. पाश्चर तिथे गेला तेव्हा त्याला रेशीमकिड्याची काहीच माहिती नव्हती. आविन्याँला कीटकतज्ज्ञ फाब्रकडे त्याने कोष मागितला, कानाशी धरून हलवला आणि विचारलं, आत काही आहे का? फाब्र थक्क झाला. आणि त्या काळी अळ्यांवर काय काय करून पाहिलं नव्हतं! साखर, क्विनाईन, रमसुद्धा. गुण कशानेच आला नाही. पाश्चरने प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवली, मग ती मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, रोगाचे कण दिसले की तिची अंडी टाकून दिली. आपले रोगमुक्त अंडीपुंज याच तपासणीतून येतात. वेगळं ठेवून पाहिलं, म्हणून कळलं.

(संयोजकांची चिठ्ठी.) पाचच मिनिटं? मग मुद्द्याचं बोलतो.

बॅचमधला एक रॅक बाजूला काढा. अंडीपुंज तेच, पाला त्याच प्लॉटचा, हात त्याच माणसाचे. त्या रॅकच्या पाल्यावर तितकंच साधं पाणी फवारा. पाणी का? अळी वेगळं पाणी पीत नाही, तिला ओल पाल्यातूनच मिळते, आणि मराठवाड्याच्या एप्रिलात तोडलेला पाला तासाभरात मलूल पडतो. मग कोष भरला तो तुळशीने की तिच्यातल्या पाण्याने? रॅक कोरडाच ठेवलात तर हे कधीच कळायचं नाही, आणि पाण्याचे पैसे तुम्ही बाटलीला मोजत राहाल. याचा मला मनापासून त्रास होतो.

कोष काढल्यावर दोन्हीकडचे न निवडता 100-100 उचला, वजन करा. मग कापून, आतला कोषकीटक काढून नुसती कवचं तोला. रेशीम त्यातच आहे. एका बॅचवर विसंबू नका, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही करा. आणि कुठल्या रॅकला काय दिलं हे घरातल्या एकालाच माहीत असू द्या. काट्यावर दुसऱ्याला बसवा.