आठवड्यातला एक दिवस



 शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावाला पावसानं नेहमीच हात आखडून दिलं, इतिहासानं मात्र ओंजळ भरून दिलं. मस्तानीची समाधी इथेच आहे. राज्यभरातल्या शिक्षकांच्या या अभ्यासक्रम परिषदेशी तिचा संबंध ओढूनताणून लावावा लागेल, हे कबूल; पण समाधी न पाहता पाबळहून परतणं आम्हाला चालायचं नाही.

खरा संबंध आहे तो आमच्या विज्ञान आश्रमाशी. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३मध्ये या कोरड्या माळावर आले आणि त्यांनी आश्रम उभा केला. महाराष्ट्रानं त्यांची पुरेशी आठवण ठेवली नाही, ही आमची जुनी खंत. त्यांच्या प्रयत्नांतून मूलभूत तंत्रज्ञान हा विषय माध्यमिक शाळांत आला: आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य यांची प्रत्यक्ष कामं. बाक करायचा तर लोखंडी अँगल मोजायचा, कापायचा, वेल्डिंग करायचं आणि माल, वीज, मजुरी धरून वहीत खर्च मांडायचा. काटकोन चुकला की बाक डुगडुगतो. चूक दाखवायला लाल शाई लागत नाही.

काळ बदलला की आपण पुस्तकात नवा धडा घालतो आणि पुस्तक हाती येईतो धडा शिळा होतो. शिळी होत नाही ती करून शिकण्याची सवय. म्हणूनच २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली ती याच माळावर. असा एक दिवस प्रत्येक शाळेत ठेवायचा तर वेळ कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. धडे कमी करून. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या काळात दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले; तीन वर्षांत दहा दिवस म्हणजे सहलच झाली. दुसरा आक्षेप जड आहे: खेड्यातल्या पोरांच्या हाती पुन्हा हातोडाच द्यायचा का? फक्त खेड्यात दिला तर आक्षेप सोळा आणे खरा. म्हणून हा दिवस शहरातल्या शाळांनाही हवा आणि त्याचे गुण अकरावीच्या प्रवेशात धरले जावेत.

आता क्षमायाचना. निवास वर्गखोल्यांत आहे, गाद्या कमी पडल्या, पाणी टँकरचं आहे. वीज गेल्यास जनरेटर सुरू होईतो कृपया जागा सोडू नये.   समाधीकडे जाणारी गाडी चार वाजता शाळेच्या फाटकातून सुटेल.