हक्काचा शिधा : दाद कोठे मागावी?



पातूर तालुक्यात एखाद्या घरची चूल पेटत नसेल, तर गोदामात धान्य नाही हेच त्याचे कारण असते असे नव्हे. पुष्कळदा दाद कोठे मागावी, हेच ठाऊक नसते. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने शिधा हा पात्र कुटुंबांचा हक्क झाला. अंत्योदय कुटुंबास दरमहा 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस 5 किलो धान्य मिळते. 1 जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य आहे. अकोल्यासह 14 जिल्ह्यांतील केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांना 2015 पासून सवलतीचे धान्य मिळे. 2023 पासून त्याऐवजी रोख रक्कम बँक खात्यात जमा होऊ लागली.

प्राधान्य कुटुंबातील नव्या सुनेचे वा बालकाचे नाव पत्रिकेवर नसेल, तर तितका शिधा बुडतो. त्यासाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेकडे अर्ज करावा. परगावी कामास गेलेल्या मजुरास तेथील रास्त भाव दुकानातूनही शिधा घेता येतो. धान्य नाकारल्यास 1967 या क्रमांकावर अथवा अकोल्यास जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवावी.

ज्यास लिहिता येते, त्याने शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा. हेही अन्नदानच होय.