वृक्षांचे नाते आणि परागांची बाधा

लखनौ आणि परागकण यांचा संबंध जुना आहे. बिरबल साहनी यांनी १९४६ साली येथे स्थापन केलेल्या पुरावनस्पतिशास्त्र संस्थेत खडकांत टिकून राहिलेल्या परागांवरून लक्षावधी वर्षांपूर्वीच्या अरण्यांचा शोध घेतला जातो. परागाचे कवच इतके चिवट असते. मनुष्याचे शरीर मात्र पराग ओळखते ते या कवचावरून नव्हे, तर त्यातून पाझरणाऱ्या प्रथिनांवरून.

एखाद्या प्रथिनाविरुद्ध काहींच्या शरीरात विशिष्ट प्रतिपिंडे तयार होतात. पुढे तेच प्रथिन नाकाडोळ्यांत शिरले, की शिंका, खाज आणि प्रसंगी दमाही सुरू होतो. हीच परागांची ॲलर्जी. एकाच कुलातील वृक्षांची प्रथिने पुष्कळदा सारखी असतात. त्यामुळे एका वृक्षाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्याच्या भाऊबंदांच्या परागांनाही शत्रू समजतात.

जपान हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे सुगी या सूचिपर्णी वृक्षाच्या परागांची बाधा १९६४ साली नोंदली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सुगी आणि हिनोकी यांची तेथे विस्तीर्ण लागवड झाली होती. दोन्ही वृक्ष सरूच्या कुलातले. सुगीचा बहर ओसरू लागतो तोच हिनोकीचा सुरू होतो. रोगी तोच, पीडा तीच. वृक्ष तेवढा बदलतो.

नावे मात्र फसवी असतात. सुगीला जपानी सीडार म्हणतात; पण हिमालयातील देवदार हा खरा सीडार पाइनच्या कुलातला आहे आणि त्या कुलातील परागांची बाधा क्वचितच होते. उलट, लखनौच्या बागांत शोभेसाठी लावली जाणारी मोरपंखी सरूच्याच कुलातली. कोकणकिनाऱ्यावरील सुरू तर, रूप सारखे असूनही, सूचिपर्णी नव्हेच; ती सपुष्प वनस्पती आहे.

म्हणून त्वचेच्या चाचणीत सरूच्या अर्काने गांध उठली, तरी अपराधी सरूच असेल असे नाही; अंगणातील मोरपंखीही असू शकेल. रोग्याला त्रास कोणत्या महिन्यांत होतो आणि त्या वेळी आसपास काय फुललेले असते, हे चाचणीबरोबर पाहिले पाहिजे. लखनौत वसंतारंभी शिंका सुरू होत असतील, तर चिलबिलाचाही, म्हणजे वावळाचाही, विचार करावा. उत्तर भारतात त्याचे पराग बाधक ठरले आहेत. एरवी कुऱ्हाड निरपराध वृक्षावर पडेल आणि रोग्याचा त्रास तसाच राहील.