रानमाशीचे घर आणि तिचे आरोग्य



मोहोळ म्हटले की आपल्याला आधी मध आठवतो आणि लगेच डंख. या दोहोंच्या मध्ये जी माशी आहे तिलाही घर लागते, चारा लागतो, आणि दुखणीही येतात, हे सहसा मनात येत नाही.

कड्याच्या कपारीला नाहीतर उंच झाडाच्या फांदीला लोंबते ते आग्याचे मोहोळ. झाडाच्या ढोलीत अंधारात अनेक पोळी बांधून राहते ती सातेरी. झुडपात एकच लहानसे पोळे करते ती फुलोरी. या झाल्या मधाच्या माश्या. पण जगात माश्यांच्या वीस हजारांवर जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक एकेकट्या राहतात. कुणी बांधाच्या मातीत बीळ करते, कुणी वाळक्या लाकडात. गुलाबाचे पान कात्रीने कापल्यासारखे गोल कातरलेले दिसले, तर ती कीड समजून औषध मारू नका. पानकापी माशीने पिलांच्या खोलीसाठी ते नेले आहे.

कांद्याचे बी धरणारे एक शेतकरी मला म्हणाले, "सर, गोंड्यावर माशी बघायला मिळंना. रोग आला काय हो त्यांना?"

मी म्हटले, "काका, रोगाचं मागनं बघू. तुमच्या बांधावरची बोर, बाभूळ, करंज कुठं गेली?"

"ती उसाच्या वेळी काढली की."

उसाचा मला राग नाही. पण माशीच्या दृष्टीने उसाचे शिवार म्हणजे हिरवे माळरानच. ऊस बहुधा तुऱ्याआधी तुटतो, आणि तुरा आला तरी त्यात मकरंद नसतो. सातेरी चाऱ्यासाठी साधारण किलोमीटरभराच्या आतच फिरते. तेवढ्या टापूत फुले नसली की घरात उपासमार. मकरंदाने उडण्याचे बळ मिळते. पिलांची वाढ मात्र परागावर होते. तोही एकाच फुलाचा असून भागत नाही. आपणही नुसत्या भाकरीवर राहिलो तर काय होईल? फ्रान्समधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अनेक फुलांचा मिश्र पराग खाणाऱ्या माश्यांच्या अंगी पिलांचे अन्न निर्जंतुक राखणारे द्रव्य एकाच फुलाच्या परागावर ठेवलेल्या माश्यांपेक्षा अधिक आढळले. प्रयोग युरोपीय पाळीव माशीवर होता. पण आपली सातेरी तिची चुलत बहीणच आहे.

घराचेही तसेच. पिलांच्या जागी सुमारे ३५ अंश उष्णता राखावी लागते. जाड खोडाची ढोली हे काम निम्मे आपणच करते. जुनी झाडे तुटली, वणव्यात जळाली, की माश्या मिळेल त्या उघड्या फटीत बसतात. तिथे ऊब नि गारवा राखण्यातच त्यांचा मध खर्ची पडतो. कामकरी माश्या कमी झाल्या की पोळ्यावर पांघरूण उरत नाही, आणि मेणकिडा आत शिरतो. लोक म्हणतात, किड्याने मोहोळ खाल्ले. खरे तर मोहोळ आधीच खचलेले असते. अशा वेळी सातेरी पुष्कळदा घर सोडूनच जाते.

सगळा दोष चाऱ्याच्या माथी मारणेही बरोबर नव्हे. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानात सातेरीवर थैली रोगाची साथ आली. अळीची कोशात जाण्याआधीच पाण्याची पिशवी होते. विषाणूचा हा रोग इतका कठीण, की कित्येक भागांत दहांतल्या नऊ वसाहती गेल्या. अशी साथ धडधाकट मोहोळालाही सोडत नाही. मात्र साथ सरल्यावर पुन्हा पसरायला मोहोळांना ढोल्या आणि फुले लागतात, नि ती शिल्लक असतील तिथेच ती सावरतात.

सह्याद्रीच्या माथ्यावर अजून हे वैभव आहे. महाबळेश्वराकडे जांभूळ, हिरडा, गेळा असा एकामागून एक बहर चालतो, आणि काही वर्षांच्या अंतराने कारवी फुलते तेव्हा तर पर्वणीच. खाली शिवारात एवढे कुठून आणायचे? पण बांधाचा एक पट्टा न जाळता, तणनाशक न मारता राखता येतो. शेवगा, करंज, बोर लावता येते. वाळके खोड लगेच चुलीत घालू नये.

शिक्षकबंधूंना एक विनंती. मुलांना घेऊन एकच बांध निवडा, दर महिन्याला तिथे काय फुलले नि त्यावर कोण बसले ते वहीत लिहवून घ्या. ज्या महिन्याचे पान कोरे राहील, त्या महिन्यात फुलणारे झाड शाळेच्या कुंपणाला लावायचे. आणि फवारणी करावयाचीच झाली तर पीक फुलात असताना नको. टळत नसेल तर दिवस मावळल्यावर, माश्या घरी परतल्या की करावी.