ग्रंथालयांचें सहकार्य आणि गांवची सत्ता

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बोदवड हें गांव आहे. १९९९ सालीं तें तालुक्याचें ठिकाण झालें. अशा गांवांतील वाचनालयानें सर्व कांहीं स्वतःच करावयाचें ठरविलें, तर तुटपुंज्या निधींत थोडींच पुस्तकें येतात आणि निराळा विषय मागणारा वाचक रिकाम्या हातानें परत जातो. दुसऱ्याच्या भरंवशावर राहिलें, तर पुस्तकें पुष्कळ मिळतात. परंतु तीं दूर बसलेल्या कोणी निवडलेलीं असतात. सामाईक सोय हवी आणि घरची सत्ताही हवी, हा पेंच कसा सोडवावा?

याचें एक जुनें उत्तर बडोदें संस्थानांत सांपडतें. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविलें. तेथील योजनेंत गांवानें आधीं आपला वांटा जमवावयाचा, मग तितकीच रक्कम प्रांत पंचायतीनें व तितकीच सरकारनें द्यावयाची, असा नियम होता. त्याबरोबर मध्यवर्ती खात्याकडून पुस्तकांनीं भरलेल्या फिरत्या पेट्या गांवोगांव जात. पेटी सर्वांची, परंतु वाचनालय गांवाचें; कारण त्यांत गांवाचा पैसा पडलेला. ज्याचा वांटा त्याचा शब्द, हें तत्त्व येथें स्पष्ट दिसतें.

मुंबई सरकारनें १९३९ सालीं असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यांतील वाचनालयापर्यंत एक सांखळी असावी, अशी तिची शिफारस होती. पुढें १९६७ सालीं महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यानें ग्रंथालयांसाठीं कर बसविला होता. महाराष्ट्रानें तसें केलें नाहीं. येथें लोकांनीं स्थापिलेलीं वाचनालयें त्यांच्याच कार्यकारी मंडळांच्या हातीं राहिलीं, आणि शासनानें अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणें अनुदान द्यावें, अशी रीत पडली. यामुळें गांवचा अभिमान टिकला. परंतु अनुदान हाच मुख्य आधार झाला, कीं सत्ता नांवाला गांवाची उरते आणि तपासणीचे रकाने भरणें हेंच काम होऊन बसतें.

ज्या वर्षीं हा कायदा झाला, त्याच वर्षीं अमेरिकेच्या ओहायो प्रांतांतील महाविद्यालयीन ग्रंथालयांनीं एकत्र येऊन एक संस्था काढली. एका ग्रंथपालानें पुस्तकाची नोंद एकदां केली, कीं इतरांनीं ती वापरावी, हा तिचा साधा विचार. नोंद सामाईक झाली. पुस्तक कोणतें घ्यावें, हा हक्क मात्र ज्याचा त्याच्याकडे राहिला.

आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना आहे. थोडक्या वर्गणींत आडगांवच्या महाविद्यालयांतील अध्यापकासही हजारों नियतकालिकें संगणकावर वाचतां येतात. एकट्या महाविद्यालयास हा खर्च पेलला नसता. परंतु या संग्रहांत प्रामुख्यानें इंग्रजी नियतकालिकें असतात, आणि त्यांची यादी एकेक महाविद्यालय ठरवीत नाहीं. शिवाय छापील पुस्तक विकत घेतलें म्हणजे तें कपाटांत राहतें. वर्गणीनें मिळणारें वाचन बहुधा वर्गणी थांबतांच थांबतें.

आतां खानदेशाचेंच उदाहरण घ्यावें. बहिणाबाई चौधरी १९५१ सालीं वारल्या. त्यांच्या ओव्या व गाणीं पुस्तकरूपानें निघालीं तीं १९५२ सालीं. तोंपर्यंत तीं घरांतील वहींत व आप्तांच्या तोंडीं होतीं. कोणत्याही मध्यवर्ती यादींत तीं असणें शक्यच नव्हतें. अहिराणी व लेवा बोलींतील म्हणी, गांवच्या यात्रेचीं पत्रकें, जुन्या पेढ्यांचे कागद हें सारें जपावयाचें, तर तें त्या गांवच्या माणसानेंच जपावें लागतें. दूरच्या कचेरीस त्याचें मोल कळेल, तेव्हां बहुधा वाळवीनें आपलें काम उरकलेलें असतें.

म्हणून कामांची वांटणी हवी. सूची, किंमतीची घासाघीस, पुस्तकांची देवघेव, ग्रंथपालांचें शिक्षण हीं कामें एकत्र व्हावींत. कारण तीं दहांनीं दहा वेळां करणें हा अपव्यय आहे. खरेदीचा कांहीं भाग, स्थानिक संग्रह, उघडण्याच्या वेळा आणि वाचकांशीं संबंध हीं मात्र गांवाकडे राहावींत. संघाचा कारभार कसा असावा, हें खानदेशास शिकवावें लागत नाहीं. सहकारी संस्थेंत भाग कितीही असोत, सभासदाचें मत एकच असतें. ग्रंथालयांच्या संघांतही जळगांवच्या मोठ्या वाचनालयास व बोदवडच्या लहान वाचनालयास एकेकच मत असावें, आणि जमाखर्च सर्वांपुढें मांडला जावा.

अखेर भार वाचकांवरच येतो. वार्षिक सभेस पांचच माणसें आलीं, तर सत्ता गांवाची राहिली असें म्हणण्यांत कांहीं अर्थ नाहीं. जें वाचनालय आपल्या सभासदांना विचारून पुस्तकें घेतें, त्यास संघाचें भय वाटण्याचें कारण नाहीं. आणि जें विचारीत नाहीं, त्याचें स्वातंत्र्य कोणी हिरावून घेण्याची वाटही पाहावी लागत नाहीं.