ध्वनिक्षेपकापुढे आपली बोली

(समुदाय रेडिओच्या हौशी निवेदकांपुढे जळगाव येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



खानदेशास रेडिओ नवा नाही. आकाशवाणीचे जळगाव केंद्र १९७६ साली सुरू झाले, आणि बाजारभाव, हवामान व शेतीचा सल्ला केळीच्या बागांपर्यंत पोहोचू लागला. समुदाय रेडिओची गोष्ट मात्र निराळी आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पुढे शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणानुसार स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही अशी केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. प्रक्षेपणाची शक्ती शंभर वॅटच्या आसपास. आवाज तीन-चार कोसांपलीकडे जात नाही. त्यामुळे श्रोता निवेदकास नावानिशी ओळखतो, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी बाजारात गाठून सांगतो!

निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून घडावा, असा नियम आहे. हे काम पगारी माणसांच्या बळावर होणारे नाही. ते तुमच्यासारख्या विनावेतन येणाऱ्यांवरच चालते.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी जनावरांच्या लाळ-खुरकूत लसीकरणाचे निवेदन मी लिहून दिले. त्यात ‘उपरोक्त’ होते, ‘पशुपालक लाभार्थी’ होते. वाचणाऱ्या मुलीने विचारले, “साहेब, हे अहिराणीत सांगू का?” मी म्हणालो, “रेडिओवर शुद्ध बोलावे.” तिने मुकाट्याने कागद वाचला. शिबिरास मोजकीच माणसे आली. पुढील खेपेस तिने न विचारताच कागद बाजूला ठेवला आणि ओट्यावर बसून बोलावे तसे सांगितले. ‘आहे’च्या जागी ‘शे’ आले, आणि गोठ्यागोठ्यांतून दूरध्वनी येऊ लागले. त्या दिवशी मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे उरलेच नव्हते.

तेलंगणातील माचनूर येथे २००८ साली सुरू झालेल्या ‘संघम् रेडिओ’वर फारशा न शिकलेल्या शेतकरी स्त्रिया आपल्या बोलीत बोलू लागल्या. आपल्याकडे तर अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे, शिरपूरच्या डोंगरात पावरी आहे, साक्रीकडे कोकणी आहे. तरीही लाल दिवा लागला की आपला निवेदक पुणेरी होतो, आणि समोरची आजी गप्प बसते. तिला वाटते, आपले बोलणे येथे चालायचे नाही.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने व एका आप्ताने त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणूनच १९५२ साली त्यांचे पुस्तक होऊ शकले. आज टिपण्याचे ते काम तुमच्या हाती आले आहे.

सरपंचांना माझी विनंती लहानच आहे. सायंकाळच्या कार्यक्रमानंतर मुलींना घरी पोहोचविण्याची व्यवस्था करा; त्यावाचून पालक त्यांना पाठवीत नाहीत, आणि त्यात त्यांचे चुकते असेही नाही. कापूस वेचणीत निवेदक येईनासे होतात, तेव्हा गुरुजींनी वरच्या वर्गातील मुले द्यावीत.

आणखी एक. प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणे केंद्रास बंधनकारक आहे. त्यापुढे जागा हवी म्हणून ते पुसले जाऊ शकतात. तेव्हा जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले की त्याची एक प्रत त्याच आठवड्यात गावच्या शाळेत नेऊन ठेवा, आणि गाणारीचे नाव व गाव त्यावर लिहा.